डावीकडचा आवाज

गाडीची वॉरंटी संपली आणि त्याच आठवड्यात डावीकडून आवाज यायला लागला. हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्याने समजूतदारपणे मान हलवली. असंच असतं म्हणे. कंपनीवाले गाडी बनवतानाच तिच्या कानात तारीख सांगून ठेवतात, अशी आमच्याकडे सगळ्यांची पक्की समजूत आहे.

आवाज फार मोठा नव्हता. टक्. मग बराच वेळ काही नाही. गतिरोधक आला की टक्-टक्, वळण आलं की पुन्हा टक्. गाडी उभी असली की एकदम शांत. मी अमरावतीला वकिली करते, तेव्हा विचारलं की गप्प बसायचं आणि पाठ वळली की बोलायचं, हा स्वभाव माझ्या ओळखीचा होता. पण अशिलावर चिडता येतं, गाडीवर चिडून काय करणार? तरी मी चिडायचेच.

दुसऱ्या कुणाची गाडी असती तर रेडिओचा आवाज वाढवून भागलं असतं. माझं भागणार नव्हतं, कारण त्या गाडीवर बाबांचं घर उभं होतं. बाबा अकोल्याला जठारपेठेत एकटे राहतात. आयुष्यभर पौरोहित्य केलं, अर्ध्या अकोल्याची लग्नं लावली, दुकानांची उद्घाटनं केली. आता गुडघे बसू देत नाहीत, म्हणून घरचा देव आणि फोनवरून मुहूर्त एवढंच उरलंय. आई गेल्यावर पुण्याचा माझा मोठा भाऊ त्यांना घेऊन जायला निघाला होता. बाबा गेलेही होते एकदा, आणि ठरल्याच्या आधीच परत आले. "तिथे लोक दारं लावून जेवतात," एवढंच म्हणाले.

तेव्हा आम्हा बहीण-भावात ठरलं, की जोवर मी कुठल्याही क्षणी गाडी काढून अकोल्याला पोचू शकते, तोवर बाबा त्यांच्या घरात राहतील. दर रविवारी मी जात असे. मधल्या दिवसांची राखण फुलवाली मावशी करायची. तिचा शहराबाहेर शेवंती-झेंडूचा मळा आहे, आणि रोज सकाळी ती बाबांच्या दाराच्या कडीला पूजेच्या फुलांची पुडी अडकवून जाते. परतीच्या फेरीत पुडी कडीलाच दिसली, तर मला फोन करायचा, असं आमच्यात ठरलेलं होतं. ही व्यवस्था बाबांना माहीत नव्हती. 

आणि मी एक गाढवपणा केला. फोनवर बोलता बोलता भावाला आवाजाबद्दल सांगून टाकलं.

"वॉरंटी संपलीय ना?" तो म्हणाला. "मग गाडी बदल. नाहीतर बाबांना मी दसऱ्याच्या सुट्टीत घेऊन जातो. तू एकटी त्या हायवेवर, गाडीचा भरवसा नाही, आणि तिकडे हे एकटे. मला झोप लागत नाही इथे."

तो चुकीचं बोलत नव्हता, याचाच मला जास्त राग आला. नवी गाडी घेण्यासारखं ते वर्ष नव्हतं. म्हणजे आवाज शोधून काढणं भाग होतं.

आधी कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये गेले. तिथे गार हवा, मशीनचा चहा आणि अतिशय सभ्य मुलं. त्यातल्या एकाने गाडीत न बसताच सांगितलं, की पुढचं सगळं सस्पेन्शन बदलावं लागेल. मी विचारलं, "आवाज नेमका कशाचा आहे?" तो म्हणाला, "मॅम, झीज होतेच." मी म्हटलं, "कशाची?" तो म्हणाला, "मॅम, गाडीची." पुढे त्याने वाढीव वॉरंटीचं माहितीपत्रक माझ्या हातात दिलं. मी ते त्याच्याच टेबलावर ठेवून निघाले.

कोर्टातल्या आमच्या बाररूममध्ये प्रत्येकाचा एक आपला माणूस असतो. आपला डॉक्टर, आपला इलेक्ट्रिशियन, आपला आंबेवाला. दुसऱ्याचा माणूस म्हणजे लुटारू. तेव्हा मी आवाजाचा विषय काढताच दुपारच्या डब्यासोबत मेकॅनिकांची नावंही वाढली गेली. पहिला मेकॅनिक बडनेऱ्याच्या रस्त्याला होता. त्याने बॉनेटवर हात ठेवल्या ठेवल्या "लिंक रॉड" असा निकाल दिला आणि ती बदलली. आवाज तसाच. मग म्हणाला, आता दुसऱ्या बाजूचीही बदलू. मी म्हटलं, आवाज एकाच बाजूने येतोय. तो म्हणाला, जोडीनेच बदलायच्या असतात. जोडीनेच बदलली. आवाजाला काही फरक पडला नाही.

दुसरा फार गोड होता. "मॅडम, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका." मला कुणी टेन्शन घेऊ नका म्हटलं की हमखास टेन्शन येतं. मी त्याची उलटतपासणी घेतली. आवाज ब्रेक दाबताना येतो की सोडताना? हो, म्हणाला. खड्ड्यात येतो की खड्ड्यानंतर? हो. मग स्टिअरिंगचा आहे की शॉकअपचा? दोन्हीचा थोडा थोडा. असा साक्षीदार मिळाला की समोरचा वकील खूश होतो. मी मात्र गाडीची मालकीण होते. शॉकअप बदलून झाले, आणि त्या रविवारी अकोल्याला जाताना मूर्तिजापूरपर्यंत मी आवाजाला शिव्या देत गेले.

बाबांचं वागणं या दिवसांत मला कळत नव्हतं. आवाजाचा विषय निघाला की ते दुसरंच काहीतरी बोलायचे. "वाजू दे की," म्हणायचे. "आपल्या कपाटाचं दारही वाजतं. तू येतेस ना, मग झालं." मला वाटलं, पुण्याला जायची त्यांनी मनाची तयारी केलीय आणि मला वाईट वाटू नये म्हणून असं बोलतात.

ते खरंच तसं असावं, हे मला फुलवाल्या मावशीकडून कळलं. रविवारी मी पोचले तेव्हा ती कडीला पुडी न अडकवता ओट्यावर माझी वाट पाहत उभी होती.

"ताई, महाराजानं फुलं बंद कराले सांगतले," ती म्हणाली. "दसऱ्यापासून नको म्हने. काहून? माही फुलं शिळी रायतेत का?"

मी आत डोकावून पाहिलं. बाबा खुर्चीत बसून पोथ्या एकेक करून लाल कापडात बांधत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुण्यात वाळवी नसेल ना गं?" मी तशीच बाहेर मावशीपाशी आले.

मावशीला सगळं सांगितलं. आवाज, भाऊ, दसरा. ती ऐकत राहिली, आणि मग तिला माझीच कीव आल्यासारखं दिसलं.

"गाडीच्या आवाजापायी महाराज घर सोडून राहिले? मंग गाडी दाखवा न माणसाले."

"दोघांना दाखवली, मावशी."

"कोनाले? अमरावतीच्या? त्याले काय, आज तुमी, उद्या दुसरं कोनी. माह्या गाडीच्या मिस्त्रीले दाखवा. फुलं घेऊन पहाटे बाजारात पोचलो नाही तं माल फेकाचं काम पडते. इतल्या वर्सात त्यानं मले रस्त्यात उभं नाही केलं." मग जरा थांबून तिने त्याचं दुसरं प्रमाणपत्रही दिलं. "तोंडाचा भल्ली खराब हाये. आयकून घ्या लागते."

बाररूममध्ये मिळालेल्या सगळ्या नावांमागे कुणाचा तरी आग्रह होता. या नावामागे रोजच्या पहाटेचा बाजार होता. मला हा पुरावा पटला. बाबाही म्हणाले, मी येतो, घरात बसून कंटाळलोय. ते पुढे माझ्याशेजारी बसले.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, बाहेर कडुनिंब आणि त्याखाली मावशीच्या गाडीसारख्याच दोन-तीन मालवाहू गाड्या. रविवारीही उघडं होतं. या गाड्यांना सुट्टी नसते. मेकॅनिक पन्नाशीचा, धिप्पाड, आणि मावशी म्हणाली होती त्यात अजिबात अतिशयोक्ती नव्हती. मी आवाजाचं वर्णन सुरू केलं तर हात वर करून म्हणाला, "तुमी नोका सांगू. गाडी सांगन. चालवा तुमी, मी मांगं बसतो."

"तुम्ही चालवून बघणार नाही?"

"मी चालवीन तं माह्या हातानं वाजन. तुमच्या हातानं वाजते न? मंग तुमीच चालवा. अन् बोलू नोका."

वकिलाला बोलू नका म्हणणारा माणूस मला कोर्टाबाहेर प्रथमच भेटत होता. मी चालवत राहिले. तो मागच्या सीटवर डोळे मिटून बसला. टक्, झालं. टक्-टक्, झालं. बाबा समोर बघत होते आणि एक हात त्यांनी पुढच्या डॅशबोर्डवर ठेवला होता, खड्ड्यांना घाबरून ठेवतात तसा.

परत आल्यावर त्याने गाडी वर उचलली, खाली शिरला, एकेक चाक हलवून पाहिलं. बाहेर आला तो तापलेलाच. "हे नवीन लिंक रॉड कोनं टाकले? अन् शॉकअप? जुन्याले काय झालं होतं?" मी दोघांची माहिती दिली. त्यावर तो त्यांच्याबद्दल जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही, पण मला ऐकायला बरं वाटलं.

"मग आवाज कशाचा आहे?" मी विचारलं.

"मले नाही समजला."

 इतक्या दिवसांत हे वाक्य मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"चाक, ब्रेक, स्टिअरिंग सारं पाह्यलं. गाडी सेफ हाये. तुमी चालवा बिनधास्त. पन आवाज कायचा थे मले समजून नाही राहिलं, अन् समजल्याबिगर मी पाना लावत नसतो. पुढच्या रविवारी या." असं म्हणून तो दुसऱ्या गाडीकडे वळला. मला हात धुवायला पाणी हवं होतं, तेही त्याने विचारलं नाही. तरी परतीच्या रस्त्यावर कित्येक दिवसांनी माझे खांदे सैल होते.

भावाला मात्र हे पटेना. "त्याला समजलं नाही, आणि तुला तो चांगला वाटतो?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "दसऱ्याची तिकिटं काढतोय मी." 

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. पुन्हा फेरी, पुन्हा डोळे मिटणं. या वेळी खाली उतरताना त्याने नाक मुरडलं. "एसीतून भल्ली घान येऊन राहिली. फिल्टर कधी बदलला? आवाज राहू द्या, आधी थो काढतो." आणि पुढचं दार उघडून डॅशबोर्डचा कप्पा सोडवायला लागला. फिल्टर त्याच्या मागे असतो.

बाबा कडुनिंबाखाली खुर्चीवर बसले होते. ते उठले. गुडघ्यांचं दुखणं विसरून ते भराभर गाडीपाशी आले, आणि मेकॅनिकच्या मागे उभे राहिले.

मेकॅनिकने कप्पा बाहेर काढला, आत हात घातला, आणि हात तसाच ठेवून थांबला. मग सावकाश बाहेर काढला, रिकामाच. शेडमध्ये गेला, साबणाने हात धुतले, पुसले, परत आला. "मॅडम, इकडे पाहा," म्हणाला. आवाज एकदम खालचा.

कप्प्याच्या मागच्या पोकळीत, पंख्याच्या डब्यावर, एक सुपारी होती. पूजेची. हळद-कुंकू वाळून तिला चिकटलेलं होतं. फिल्टरच्या कडेला कापसाच्या वस्त्राचा धागा अडकला होता, देवाला घालतात तसलं वस्त्र. मी वाकले तेव्हा गाडी जराशी हलली, आणि सुपारी घरंगळून पलीकडच्या पत्र्यावर गेली. टक्.

"हा गनपती कोनं बसवला?" मेकॅनिकने विचारलं. "मी असा नाही काढनार."

मी बाबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

मग मला आठवलं. वॉरंटी संपल्याचं मी त्यांना सहज सांगितलं होतं, जेवताना. त्याच रविवारी निघायच्या आधी त्यांनी किल्ली मागितली होती. छत्री गाडीत राहिली असेल, म्हणाले होते. छत्री शोधायला इतका वेळ का लागतोय, म्हणून मी ओट्यावरून हाकही मारली होती.

"कोपऱ्यात नीट बसवली होती," बाबा म्हणाले. "वस्त्रात गुंडाळून. मागे फट आहे हे मला दिसलं नाही. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत." मग चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "मागच्या रविवारी शंका आली मला. सांगणार होतो."

"पण बाबा, का?" मी विचारलं. कोर्टात चढवते तो आवाज चढला नाही. "नव्या गाडीची पूजा तुम्हीच केली होती की."

"तेव्हा उत्तरपूजाही केली होती. देव आला, गेला. तेव्हा कंपनी होती ना." ते माझ्याकडे बघत नव्हते, गाडीकडे बघत होते. "या वेळी विसर्जन केलं नाही. तू म्हणालीस, आता कंपनीची काही जबाबदारी नाही. मग कुणाची तरी असायला हवी. तू एकटी येतेस त्या रस्त्याने. मला काय, मी घरातच बसलेला असतो."

मला वाटत होतं, मी त्यांची राखण करतेय. मी तिथेच, त्या तेलकट जमिनीवर, रडायला लागले. मेकॅनिक तोंड फिरवून उगाच एका टायरची हवा बघायला गेला.

परत आला तो मात्र त्याच्या मूळ स्वभावावर. "महाराज, तुमी मागच्या रविवारी बोल्ले असते तं माहं डोकं वाचलं असतं. आठवडाभर इचार करून राहिलो. गाडीचा आवाज मले समजत नाही असं होतच नाही. पन हा गाडीचा नव्हताच." यात त्याचं फार समाधान झालेलं दिसलं. मग त्याने सरळ प्रश्न टाकला. "आता बोला. विसर्जन करता का? अक्षता आनून देतो घरून."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. देवधर्मावरून त्यांची आणि माझी लहानपणापासून जुंपत आलेली आहे. सत्यनारायणाचा प्रसाद सोडला तर मला त्यातलं काही लागत नाही, हे त्यांना माहीत होतं. मी काय म्हणणार याची ते वाट बघत होते, आणि मी विसर्जन करा म्हटलं असतं तर त्यांनी मुकाट्याने पुनरागमनाय च म्हटलं असतं.

"राहू द्या," मी म्हटलं. "फक्त वाजू नये असं बसवा."

मेकॅनिकने पुन्हा हात धुतले. दुरुस्तीला आलेल्या मावशीच्या गाडीतून फुलांच्या पाटीखालचं स्वच्छ कापड काढून आणलं, सुपारी त्यात बांधली, बाबांच्या हातून कप्प्याच्या कोपऱ्यात ठेववली, आणि मागच्या फटीला फोमचा तुकडा ठोकून बसवला. मग कप्प्यावर हाताने दोन-तीनदा आपटून कान लावला. काही वाजलं नाही.

मी तिथूनच भावाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो आधी खूप हसला.  मग म्हणाला, "गाडी खरंच ठीक आहे का? त्या माणसाला दे फोन." मेकॅनिकने फोन कानाला लावला. "गाडीले काही झालं नाही, साहेब," म्हणाला. "अन् झालं तं मी सांगीन. काही नसलं तं तेही सांगीन." फोन परत माझ्याकडे आला तेव्हा भाऊ म्हणाला, "तिकिटं रद्द करतो. दसऱ्याला मीच येतो तिकडे." मी बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "घरी जाताना मावशीकडे थांब. फुलांचं सांगायचंय."

संध्याकाळी एकटी निघाले. बोरगाव मंजूपर्यंत गाडीतून काही आवाज आला नाही. प्रत्येक गतिरोधकावर मी कान देऊन ऐकत होते, आणि काही वाजलं नाही की मला उलट चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. मूर्तिजापूरला चहाच्या टपरीपाशी गाडी कडेला घेतली आणि कप्पा उघडला. कापडाची गाठ कोपऱ्यात होती. बोटाने दाबून पाहिली, आत सुपारी लागली.

घरी पोचल्यावर मी बाबांना फोन करते, आणि ते नेहमी पहिल्या घंटीलाच उचलतात. फोन मांडीवर घेऊन बसता की काय, असं मी त्यांना चिडवत आले होते. त्या दिवशी मूर्तिजापूरहूनच लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"पोचलीस?"

"नाही बाबा, मधेच आहे."

"काय झालं?" त्यांचा आवाज बदलला होता.

"काही नाही. सुपारी जागेवर आहे, एवढंच सांगायचं होतं."

पलीकडे खुर्ची करकरली.

"बरं," ते म्हणाले. "मग नीघ आता. मी बसलोय."